वाद्यातून कोण बोलते? : म्बिरा, शाकुहाची व मलुंगा या वाद्यांचा आध्यात्मिक अर्थ

प्रस्तावना

'वाद्य' हा शब्द 'वद्' म्हणजे बोलणे या धातूच्या प्रयोजक रूपापासून सिद्ध झाला आहे. जे बोलते करावयाचे, ते वाद्य. नित्याच्या वापरामुळे ही व्युत्पत्ती आपल्या ध्यानात राहिलेली नाही. परंतु तिच्यात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. वाद्य बोलते म्हणजे नेमके कोण बोलते? वादक, वाद्य घडविणारा कारागीर, की त्या दोघांपलीकडचे कोणी?

आपल्याकडील संगीतविषयक क्रमिक पुस्तकांत वाद्याची माहिती ठराविक क्रमाने येते. लाकूड कोणते, लांबी किती, तारा अथवा छिद्रे किती, कोणत्या प्रदेशात प्रचलित, आणि अखेरीस 'हे वाद्य धार्मिक विधीप्रसंगी वाजविले जाते' असे एक वाक्य. या शेवटच्या वाक्यापाशी बहुतेक पुस्तके थांबतात. प्रस्तुत लेखात त्याच वाक्यापासून आरंभ करावयाचा आहे. कारण ज्या समाजांनी ही वाद्ये घडविली, त्यांच्या दृष्टीने तेच वाक्य पहिले आहे, आणि लाकूड, लांबी व छिद्रे ही त्यातून निष्पन्न होणारी बाब आहे.

'आशियाई व आफ्रिकी वाद्यांचे अध्यात्म' असा एकवचनी विषय वस्तुतः संभवत नाही. दोन खंडांतील शेकडो समाजांच्या श्रद्धा एका सूत्रात ओवण्याचा मोह टाळलेलाच बरा. म्हणून येथे तीनच वाद्ये घेतली आहेत : झिम्बाब्वेतील शोना समाजाची म्बिरा, जपानमधील फुके पंथाची शाकुहाची बासरी आणि आफ्रिकेतून पश्चिम भारतात आलेला सिद्दी समाजाचा मलुंगा. पहिल्या वाद्यातून पितर बोलतात. दुसऱ्यातून कोणीही बोलू नये अशी अपेक्षा आहे. तिसऱ्यातून जे बोलले जाते, त्याची भाषा बोलणाऱ्यांनाही आता पुरती ठाऊक राहिलेली नाही.

वर्गीकरणाची अडचण

भरताच्या नाट्यशास्त्रात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. या विभागणीचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. १८७६ मध्ये कोलकात्याचे सौरींद्र मोहन टागोर यांनी भारतीय वाद्यांचा एक संग्रह बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड यास भेट दिला. पुढे ब्रुसेल्सच्या संग्रहालयाचा अभिरक्षक व्हिक्टर माहियों याने १८८० पासून जी चतुर्विध सूची प्रसिद्ध केली, तिच्यामागे या भारतीय विभागणीची प्रेरणा होती असे मानले जाते. तिच्याच आधारे हॉर्नबोस्टेल व झाक्स यांनी १९१४ मध्ये आपली सुप्रसिद्ध पद्धती मांडली. आजही जगभरच्या संग्रहालयांत तीच वापरली जाते.

म्बिरा मात्र या चार खणांपैकी एकाही खणात सहजासहजी बसत नाही. ती बोटांनी छेडली जाते म्हणून 'तत' म्हणावे, तर तिला तार नाही. ध्वनी लोखंडाच्या पट्टीतून निघतो म्हणून ती तांत्रिकदृष्ट्या 'घन'. परंतु टाळ, झांज आणि घंटेच्या पंक्तीत तिला बसविताना हात अडखळतो. वर्गीकरण ध्वनी कशातून निघतो हे सांगते, तो कोणासाठी निघतो हे सांगत नाही. हा वर्गीकरणाचा दोष नव्हे, ती त्याची मर्यादा आहे. दोष असलाच तर तो वर्ग ठरला की अभ्यास पूर्ण झाला असे मानणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांचा आहे.

म्बिरा : पितरांना आवडणारे सूर

शोना भाषेत या वाद्याचे पूर्ण नाव 'म्बिरा जावाजिमू' असे आहे (दोन्ही 'ज' आपल्या 'जाड' शब्दातील दंत्य 'ज'प्रमाणे). 'वाजिमू' म्हणजे कुळातील दिवंगत पूर्वजांचे आत्मे. पितरांची म्बिरा असा नावाचा सरळ अर्थ होतो. एका लाकडी फळीवर साधारणतः २२ ते २८ लोखंडी पट्ट्या तीन गटांत बसविलेल्या असतात. त्यांपैकी दोन गट डावीकडे व एक उजवीकडे असतो. फळी मुब्वामारोपा नावाच्या वृक्षाची असते. दोन्ही अंगठे पट्ट्या खाली दाबतात, तर उजव्या हाताची तर्जनी पट्टी खालून वर उचलते. फळीच्या उजव्या कोपऱ्यातील छिद्रात करंगळी अडकवून वाद्य तोलले जाते. मोठ्या समारंभात हे वाद्य 'देझे' नावाच्या भल्या थोरल्या भोपळ्यात अडकवितात, त्यामुळे नाद वाढतो.

या भोपळ्याच्या कडेला आणि फळीवरही पूर्वी शिंपले, आणि आता बाटल्यांची पत्र्याची बुचे, सैलसर अडकविलेली असतात. प्रत्येक स्वराबरोबर ती थरथरतात आणि एक अखंड करकर निर्माण होते. अपरिचित श्रोत्याला ती वाद्यातील खोट वाटते. मराठी वाचकाला मात्र ती समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडू नयेत. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी काढली जाते, ती नसेल तर तंबोरा मुका वाटतो, हे मिरजेच्या कारागिरास जसे सांगावे लागत नाही, तसेच करकरीशिवाय म्बिरा अपुरी, हे शोना वादकास सांगावे लागत नाही. तेथे या करकरीला आणखी एक स्थान आहे. तिच्या आवरणाखाली स्वर एकमेकांत मिसळतात, आणि ऐकणाऱ्यास कोणीही प्रत्यक्ष न वाजविलेल्या स्वरावली ऐकू येऊ लागतात.

या अनुभवामागे वादनाची रचना आहे. एक वादक 'कुशाउरा' म्हणजे आघाडीचा भाग वाजवितो. दुसरा 'कुत्सिन्हिरा' हा त्यात गुंफला जाणारा भाग वाजवितो. दोघांचे आघात एकमेकांच्या मधल्या जागा भरतात. बाराबारा मात्रांच्या चार खंडांचे, एकंदर ४८ मात्रांचे आवर्तन बहुतेक रचनांत आढळते. ते फिरत राहते, त्याला आरंभ किंवा शेवट असा नसतो. सोबत 'होशो' नावाचे बियांनी भरलेले भोपळ्यांचे खुळखुळे अविरत चालू असतात. ऐकणारा ज्या स्वराकडे लक्ष देईल त्यानुसार त्याला निराळी धून ऐकू येते. अमेरिकन अभ्यासक पॉल बर्लिनर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द सोल ऑफ म्बिरा' या ग्रंथात या श्रवणानुभवाचे सविस्तर विवेचन आहे. वाजविणारे दोन आणि ऐकू येणारे आवाज अनेक, ही गोष्ट संगीतशास्त्राच्या दृष्टीने एक ध्वनिविषयक घटना आहे. शोना श्रद्धेच्या दृष्टीने ती घरात आणखी कोणी उपस्थित असल्याची खूण आहे. या दोन स्पष्टीकरणांत विरोध मानण्याचे प्रस्तुत लेखकास कारण दिसत नाही.

म्बिरेचे खरे स्थान 'बिरा' या रात्रभर चालणाऱ्या विधीत आहे. घरात दीर्घ आजार येतो, पीक हातचे जाते, भावाभावांत तंटा विकोपास जातो. अशा वेळी कुटुंब 'न्यांगा'कडे म्हणजे दैवज्ञ-वैद्याकडे जाते. कोणत्या पूर्वजाची उपेक्षा झाली हे तो सांगतो. मग धान्य भिजवून काही दिवस मद्य सिद्ध केले जाते, आप्तांना निरोप जातात, वादक बोलाविले जातात. दिवस मावळल्यावर वादन सुरू होते. येथे कोणती रचना वाजवावयाची हा प्रश्न रसिकतेचा नसतो. बोलवावयाच्या पूर्वजास हयातीत जी रचना प्रिय होती, ती वाजविली जाते. कारण आपले आवडते सूर कानी पडले की तो आकृष्ट होतो. लोक गातात, टाळ्या वाजवितात, नाचतात. रात्र चढत जाते आणि केव्हातरी माध्यम असलेल्या व्यक्तीच्या, म्हणजे 'स्विकिरो'च्या, देहात पूर्वज प्रवेश करतो. त्या क्षणी म्बिरा थांबते. तपकिरीचा मान दिला जातो, लोक खाली बसून आदराने टाळ्या वाजवितात आणि संभाषणाला आरंभ होतो. पूर्वज रागावतो, चौकशी करतो, वाटणीचा निवाडा देतो, उपाय सांगतो.

म्बिरा येथे थांबते याकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ज्या बैठकीत वादन सर्वांत यशस्वी ठरते, त्या बैठकीत ते खंडित होते. मैफलीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या कानांना हे विपरीत वाटेल.

'वाजिमू' या शब्दासाठी आपण 'पितर' हा शब्द वापरला खरा, पण तो जपूनच वापरावयास हवा. आपल्याकडे पितृपक्षात पितरांना पिंड व तर्पण पोहोचते, त्यांच्याशी वाद घालता येत नाही. शोना पूर्वजाशी बोलता येते आणि तो उलट उत्तर देतो. गोंधळ-जागरणात संबळाच्या ठेक्यावर अंगात येते, त्याची आठवण वाचकास होणे स्वाभाविक आहे. तथापि तेथे येते ती देवता, आणि येथे येतो तो घरचाच आजोबा.

वसाहतकाळ आणि म्बिरा

या प्रदेशातील लोखंडी पट्ट्यांच्या वाद्याची सर्वांत जुनी उपलब्ध नोंद जोआंव दुश सांतुश या पोर्तुगीज डोमिनिकन धर्मोपदेशकाची आहे. १५८६ मध्ये त्याने नऊ पट्ट्यांच्या 'अंबिरा'चे वर्णन केले. त्याचा ग्रंथ १६०९ मध्ये एव्होरा येथे छापला गेला. हा गृहस्थ पुढे गोव्यात आला आणि तेथेच त्याची अखेर झाली. त्याच्या वर्णनात त्या मधुर ध्वनीविषयी कौतुक आहे. तीनशे वर्षांनंतर ब्रिटिश अमदानीतील मिशनऱ्यांचा सूर मात्र पालटला. वाद्य पूर्वजांना बोलाविते, म्हणजेच ते ख्रिस्तापासून दूर नेते, हा त्यांचा आक्षेप होता. म्बिरेचा हेतू त्यांनी बरोबर ओळखला होता, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. केवळ करमणुकीचे साधन मानून जे तिचे कौतुक करतात, त्यांच्यापेक्षा या विरोधकांनीच तिला अधिक गांभीर्याने घेतले.

पूर्वजांशी संवाद हा राज्यकर्त्यांच्या दृष्टीनेही निरुपद्रवी नव्हता. १८९६-९७ च्या उठावात, म्हणजे पहिल्या चिमुरेंगात, नेहांडा या थोर आत्म्याचे माध्यम असलेल्या चार्वे न्याकासिकाना या स्त्रीचा पुढाकार होता. १८९८ मध्ये तिला फाशी देण्यात आले. १९७० च्या दशकातील स्वातंत्र्ययुद्धात तिचे स्मरण पुन्हा जागे झाले, आणि त्याच काळात थॉमस माप्फुमो यांनी म्बिरेची आवर्तने विजेच्या गिटारवर उतरविली. गोऱ्या सरकारला त्या गाण्यांचा अर्थ कळला, आणि १९७९ मध्ये माप्फुमो यांना स्थानबद्ध करण्यात आले. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला. स्टेला चिवेशे (१९४६-२०२३) यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. स्त्रीने म्बिरा शिकणे प्रघाताबाहेरचे असता त्या हे वाद्य शिकल्या आणि त्यांनी ते जगभरच्या रंगमंचांवर नेले.

शिक्षणसंस्थांचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. १९६० च्या दशकात बुलावायो येथील क्वानोंगोमा संगीत महाविद्यालयातून जिचा प्रसार झाला ती १५ पट्ट्यांची कारिम्बा होती, पितरांची म्बिरा नव्हे. ह्यू ट्रेसी यांनी कालिंबा या नावाने जे वाद्य बाजारात आणले, ते पाश्चात्त्य स्वरसप्तकात मिळविलेले होते. आज ऑनलाइन बाजारात मिळणारी सतरा पट्ट्यांची कालिंबा आपल्या वसतिगृहांतही दिसते. तिच्यावर चित्रपटगीते उत्तम वाजतात. तिच्यात करकर नाही, आणि बोलावण्यासारखे कोणी तिच्या पलीकडे उभे नाही. २०२० मध्ये मलावी व झिम्बाब्वे येथील म्बिरा-सान्सी घडविण्याची व वाजविण्याची कला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. यादीत कला आली. बिरा भरविणारे कुटुंब, रुष्ट पूर्वज व मिटवावयाचा तंटा या गोष्टींची यादी कोणाला करता येणार?

शाकुहाची : वाद्य नव्हे, धर्मोपकरण

जपानी शाकुहाचीचे नाव तिच्या लांबीवरून पडले आहे. एक शाकु आणि आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. मादाके जातीच्या बांबूच्या मुळाकडील भागापासून ती बनते. पुढे चार व मागे एक अशी पाचच छिद्रे. इतकी साधी बासरी एदो काळात (१६०३-१८६८) एका पंथाची मिरास होती. झेन परंपरेतील फुके पंथाचे 'कोमुसो', म्हणजे शून्यतेचे भिक्षू, डोक्यावरून गळ्यापर्यंत 'तेंगाई' ही विणलेली टोपली घालून दारोदार बासरी वाजवीत भिक्षा मागत. चेहरा झाकण्यामागे नम्रतेपेक्षा अधिक काही होते. वाजविणारा 'मी' नाहीसा व्हावा, ही त्यामागील धारणा होती.

या पंथात शाकुहाचीला 'गाक्की' म्हणजे वाद्य न म्हणता 'होकी' म्हणजे धर्मोपकरण म्हणत. वादनाला 'सुइझेन' अशी संज्ञा आहे : फुंकण्यातून होणारे ध्यान. या साधनेत 'होंक्योकू' नावाच्या मूळ रचना वाजविल्या जातात. त्यांत नियमित ताल नाही. एक श्वास म्हणजे एक वाक्य. किन्को कुरोसावा (१७१०-१७७१) याने अशा ३६ रचना संकलित केल्या. परंतु रचनांपेक्षा एका साध्या अभ्यासाचे मोल मोठे मानले जाते. सर्व छिद्रे बंद ठेवून निघणारा 'रो' हा एकच खालचा स्वर रोज दीर्घकाळ फुंकत राहावयाचा. आपल्याकडील खर्जसाधनेशी याचे साम्य दिसेल. खर्ज पुढील गाण्यासाठी भरला जातो, 'रो' मात्र कशाचीही पूर्वतयारी नाही. एका स्वरात बोधी, अशी या पंथाची धारणा आहे.

ही आध्यात्मिक बाजू सांगताना इतिहासाची दुसरी बाजू झाकणे योग्य नव्हे. कोमुसोंना संचाराच्या व भिक्षेच्या सवलती होत्या. त्यांचा आधार म्हणून पंथाने १६१४ ची म्हणून एक सनद पुढे केली होती. ती बनावट असावी असे अभ्यासकांचे मत आहे. तांगकालीन चिनी भिक्षू पुहुआ याच्याशी जोडलेली परंपराही बरीच उत्तरकालीन ठरते. पंथात आश्रय घेणारे कित्येक जण निर्नायकी सामुराई होते, आणि टोपलीखालचा चेहरा हेरगिरीसही सोयीचा होता. १८७१ मध्ये मेइजी सरकारने हा पंथच रद्द केला. एका आदेशाने धर्मोपकरणाचे वाद्य झाले. शाकुहाची टिकली ती कोतो आणि शामिसेन यांच्या साथीत, आणि १९६७ मध्ये तोरू ताकेमित्सू यांच्या 'नोव्हेंबर स्टेप्स' या रचनेतून ती पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर उभी राहिली.

सनद खोटी आणि साधना खरी, असे असू शकते काय? असू शकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाद्याच्या आध्यात्मिक अर्थाचा पुरावा त्याच्या प्राचीनतेत शोधण्याची आपली सवय या उदाहरणापुढे टिकत नाही. याउलटचे उदाहरण हिमालयीन वाडग्यांचे. 'प्राचीन तिबेटी' म्हणून जे धातूचे वाडगे आरोग्यकेंद्रांतून वाजविले जातात, त्यांचा तसा वापर १९७० नंतर पाश्चात्त्य देशांत रूढ झाला. तिबेटी मठांतील विधींची वाद्ये म्हणजे लांब कर्णे, घंटा, झांजा आणि ढोल. वाडग्यांचा नाद सुखद आहे. पण त्यातून कोणत्या गुरूची परंपरा बोलते, हे विचारावे तर उत्तर मिळत नाही.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर गोरो यामागुची यांची शाकुहाची आहे, आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. त्या वर्षी ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. निर्वात पोकळीतून चाललेल्या त्या तबकडीवर श्वासाची साधना कोरलेली असावी, हा योग फुके भिक्षूंना कदाचित रुचला असता.

मलुंगा : शब्द हरवलेला जिक्र

आपल्या शेजारच्या गुजरातेत, भडोचजवळील रतनपूर येथे बावा गोर यांचा दर्गा आहे. परंपरेनुसार बावा गोर हे हबशाहून, म्हणजे अबिसिनियाहून, आलेले संत व अकीकाचे व्यापारी. त्या टेकड्यांत अकीक सापडतो आणि खंभातला त्याचे मणी घडतात. हा माल समुद्रमार्गे आफ्रिकेत जाई. ज्या गलबतांनी मणी गेले, त्यांच्याच वाटेने माणसे आली, काही सैनिक व खलाशी म्हणून, पुष्कळशी गुलाम म्हणून. सिद्दी समाज बावा गोर व त्यांची भगिनी माय मिसरा यांना आपले पूर्वज मानतो.

मलुंगा हे या समाजाचे एकतारी धनुर्वाद्य. धनुष्याच्या काठीला भोपळा बांधलेला असतो आणि तार काडीने वाजविली जाते. पूर्व व दक्षिण आफ्रिकेत त्याची भावंडे आहेत. अटलांटिकपलीकडे ब्राझीलमध्ये गुलामांबरोबर गेलेला बेरिंबाऊही त्याच घराण्यातला. सोबत पायांवर उभा राहणारा 'मुगरमान' हा ढोल, आणि नारळाच्या करवंटीचा, कापडाने मढविलेला खुळखुळा. या खुळखुळ्याचे नावच 'माय मिसरा' आहे. येथे वाद्य संताच्या नावाने वाजविले जाते एवढेच नव्हे, तर ते संताचे नाव धारण करते. उरुसात आणि नवस फेडताना या वाद्यांवर जे गायन-नृत्य होते, त्यास 'गोमा' म्हणतात. स्वाहिलीतील 'न्गोमा' म्हणजे ढोल, नृत्य, विधी. हे तिन्ही अर्थ एका शब्दात होते, ते गुजरातेतही वेगळे झाले नाहीत. नाचता नाचता एखाद्यास संताचा 'हाल' येतो. तोच या सोहळ्याचा हेतू.

जंजिऱ्याचे सिद्दी आणि अहमदनगरचा मलिक अंबर (मृत्यू १६२६) आपल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात आहेत. त्या माणसांबरोबर कोणता ध्वनी आला, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात नाही, आणि संगीताच्या अभ्यासक्रमातही नाही. दोन विभागांमधील भिंतीपाशी तो अडून राहिला आहे.

गोमाच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या जिक्रांत गुजराती व हिंदुस्थानी शब्दांच्या मधे स्वाहिलीसारख्या भाषांतील काही शब्द तसेच राहिले आहेत. कित्येकांचा अर्थ गाणाऱ्यांस सांगता येत नाही. ते वगळले मात्र जात नाहीत. भाषा विसरली, उच्चार राहिला, आणि त्या उच्चाराला आधार आहे तो ढोलाच्या ठेक्याचा. मुगरमान अजून गजबजलेला आहे; परदेशच्या महोत्सवांतही सिद्दी गोमा पथके जातात. मलुंगा मात्र आवाजाने लहान. ढोलांच्या गर्दीत आणि ध्वनिवर्धकांसमोर त्याचा टिकाव लागत नाही, आणि तो नीट वाजविणारे वादक फार थोडे उरले आहेत. हे वादन जे जाणतात त्यांच्यापाशी बसून प्रत्येक ठेका कोणत्या जिक्राचा, कोणत्या नवसाचा व कोणत्या रात्रीचा, हे लिहून घेण्याचे काम रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. त्यासाठी संगीत, इतिहास व भाषा या तीन विभागांतील प्रत्येकी एक अध्यापक आणि एक साधे ध्वनिमुद्रण यंत्र एवढी सामग्री पुरेशी आहे.